न वाचता केलेली सही

मंगळवार, १४ मे. आष्टी, संध्याकाळ.

उद्या डोक्याचा एमआरआय. सेंटरवाल्यानं फॉर्मवर सगळीकडे 'नाही'च्या खुणा केल्या, मी न वाचता सही ठोकली. सोसायटीच्या ठरावांवर सह्या करून लागलेली सवय. तिचीच टिंगल करत मी लेख लिहितो, वा!

घरी हिनं कागद वाचला. "अहो, डोळ्यात लोखंड गेलंय का, असं इचारलंय. दुष्काळात बोअरचा पाइप कापताना कण उडाला व्हता की!"

उडाला होता. पण निघाला का? आत असेल तर तिथलं चुंबक तो ओढेल. डोळाच जायचा. सारखा तोच डोळा चोळतोय.

"आता सांगितलं तर हसतील गं."

"हसू द्या. आंधळं झाल्यावर काय लिवणार?"

सेंटरला फोन केला. म्हणाले, आधी डोळ्याचा एक्स-रे काढू, त्याशिवाय आत नेणार नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर जरा धीर आला असता.