चिमट्याचा हात

१८ नोव्हेंबर १९७४
सकाळी तोंड धुताना तांब्या हातातून सुटला. भरलेलाही नव्हता, अर्धाच. उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ गेली की बोटं आपोआप उघडली. सुमन चुलीपाशी होती. भांडं पडल्यावर बायका नवऱ्याकडे बघतात तसं बघितलं.
दिवसभर मेडशीची गाडी. तिकीट फाडताना त्रास नाही. चिमट्याने त्याला भोक पाडताना आहे. घंटीची दोरी ओढतानाही. जाईल दोन दिवसांत.

२१ नोव्हें.
गेलं नाही. रोज नवा शोध. शर्टाची गुंडी, कुलपाची किल्ली, ओला टॉवेल पिळणं, भाकरीचा तुकडा मोडणं. एवढ्या सगळ्यात अंगठा लागतो हे बत्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे पोरीला काखेत धरून उचलणं. आज छबीला अर्ध्यावर उचललं आणि हात थांबला. ती अधांतरी, भोकाड पसरलं. मायने विचारलं काय झालं. काही नाही म्हणालो.
जानेवारीत डॉक्टरी तपासणी, मग नोकरी कायम. तोवर डेपोत कोणाला कळता कामा नये. कंडक्टर आजारी पडलेला चालतो, कंडक्टरचा हात नाही.

२४ नोव्हें.
गुलाबराव ड्रायव्हरच्या नजरेतून काही सुटत नाही. मालेगावला चहाची बशी डाव्या हाताने धरली, तर म्हणे, "काहून बे, डावखुरा कधीपासून झाला?" सांगावं लागलं. कोणाला बोलणार नाही म्हणाला. तेल चोळ म्हणाला.
संध्याकाळी सुमनने तिळाचं तेल चोळलं. जीव लावून चोळलं. आता आधीपेक्षा जास्त ठणकतंय, आणि हे तिला कसं सांगू…

२८ नोव्हें.
मायने बिब्बा घातला. तिच्या मते बिब्ब्याशिवाय कुठलंच दुखणं जागचं हलत नाही. सुई तापवून बिब्ब्यात खुपसली आणि मनगटभर ठिपके दिले. म्हटलं, कोणाकोणाच्या अंगावर उततो.
"तुह्या बापाले कधी उतला नाई. तुले कायले उतीन?"

३० नोव्हें.
उतला. मनगट टम्म, फोड, पाणी, वर खाज अशी की दातांनी ओरबाडावं. आतली कळ जागच्या जागी. माय म्हणते बिब्बा जुना होता. लांब बाह्यांचा शर्ट घालून ड्युटी केली. एका बाईने तिकीट घेताना माझी बाही चिकटलेली पाहिली आणि तिकीट पदराने धरलं.

३ डिसें.
दवाखाना. डॉ. आधी फोडांवरून बोलले, मग म्हणाले अंगठा मुठीत दाबा आणि मूठ करंगळीकडे वाकवा. वाकवली. डोळ्यांपुढे काजवे. त्यांना मात्र बरं वाटलेलं दिसलं, दुखणं सापडलं म्हणून.
हाड ठीक आहे म्हणे. अंगठ्याच्या शिरा मनगटाजवळ एका नळीतून जातात, ती नळी सुजली. नेफ्यात नाडा अडकावा तसं. ओढला की कळ. चोळायचं नाही, बिब्बा तर नाहीच. चिमटीत धरणं, पिळणं, दाबणं बंद.
काय काम करता? विचारलंच शेवटी. शेती म्हणालो. डेपोला कळलं तर या भीतीने तोंडातून गेलं. पायात खाकी पँट. त्यांनी पँटीकडे पाहिलं, मग म्हणाले, विळा धरू नका. नाही धरणार म्हणालो. विळा मी शाळेत होतो तेव्हापासून धरलेला नाही.
मनगटाखाली लाकडी पट्टी बांधून दिली.

५ डिसें.
चार दिवस रजा. साळ्याचं लग्न म्हणून सांगितलं. साळ्याला दोन पोरं आहेत. गुलाबराव हसू दाबत म्हणाला, आमाले लाडू आण.
घरी करमत नाही. अंगणात येरझाऱ्या.

८ डिसें.
रजा संपली. पट्टी बांधली, शेक घेतला, तांब्यासुद्धा डाव्या हाताने. फरक शून्य. मूठ वाकवून बघितली, तीच कळ. दिवसातून कितीदा बघतो. सुमन म्हणते, बघून बघूनच दुखवता. चिडलो. नंतर वाईट वाटलं. जेवलो नाही नीट.
हात गेला तर काय करणार? मॅट्रिक, आणि तीन वर्षांची खाकी. परत वावरात जायचं? कोणाच्या?

९ डिसें.
पहिल्या गाडीची ड्युटी नव्हती, ओट्यावर बसलो होतो. सुमन धान्य पाखडता पाखडता थांबली. "ते काय करून राह्यले तुमी?"
काही नाही, म्हणालो. बसलोय.
तिने माझ्या हाताकडे बोट दाखवलं. पट्टी मनगटाला, अंगठा मोकळा, आणि मुठीत चिमटा. टिक टिक टिक. मला ऐकूच येत नव्हतं.
तिने मग सगळंच काढलं. सकाळी कोंबडी हाकलली ती चिमट्याने, चहा मागितला तो चिमट्याने, छबी हसावी म्हणून तिच्या कानाशी तेच. रजेत रोज तेच चाललेलं.
"सुट्टी तुमी घेतली. हाताले कधी देल्ली?"
चिमटा तिने मागितला नाही, मीच दिला. ड्युटीला निघताना परत मागावा लागला.

१२ डिसें.
गाडीत स्वतःवर पाळत ठेवली. भोकं पाडतो त्यापेक्षा हवाच जास्त चावतो. मागे सरा, टिक टिक. सुटे काढा, टिक टिक. खिडकीतून रिकामं वावर बघताना, टिक टिक. गुलाबराव म्हणाला, कंडक्टरची ती खोडच असते. असेल.
पण माझी खोड नुसती खोड नाही. इथे लिहायला हरकत नाही. आमच्या गावचे बापूराव बाजाराच्या दिवशी याच गाडीने जातात. बाबा त्यांच्या वावरात राबले. आमच्या लोकांनी बुद्धाची दीक्षा घेतली आणि बाबांनी त्यांचं काम सोडलं. तेव्हापासून ते आमच्या घरातल्या कोणाशी बोलत नाहीत. गाडीत मी त्यांच्या कानाशी चिमटा वाजवतो. ते न बघता पैशाचा हात पुढे करतात, मी न बोलता तिकीट ठेवतो. दोघांचं भागतं. आणि तो हात पुढे आला की मला दिवसभर बरं वाटतं. खरं ते खरं.

१७ डिसें.
डॉ.ना खरं सांगितलं. म्हणाले, पँट पाहूनच वाटलं होतं, मग विळ्याचं नाव काढलं, तुम्ही सांगाल म्हणून. फार नाही बोलले, त्याचीच लाज वाटली. चिमटा तिकिटापुरता, तोही अंगठ्याने नाही, चार बोटांवर घेऊन तळव्याने दाबायचा. घरी असेपर्यंत पट्टी सोडायची नाही. महिन्याने उतार नसेल तर सुई द्यावी लागेल.
तपासणीत मूठ वाकवायला सांगतील का? ते त्यांनाही माहीत नाही.

२३ डिसें.
तळव्याने दाबायला जमतंय. भोक वाकडं पडतं. चिमटा मधल्या वेळी खिशात ठेवतो, हात तिकडेच जातो, मग दोरी धरून उभा राहतो. लोक लक्ष देत नाहीत. माझा आवाज बारीक. दोनदा ओरडलो तर एक म्हातारा म्हणाला, भांडतं कायले रे पोरा.
आज तांब्या उचलला, उजव्याने. रिकामा होता.

३ जानेवारी १९७५
बाजार. गाडी गच्च. बापूराव तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी. मी शेजारी उभा. चिमटा खिशात. एकदा वाजवला असता तर संपलं असतं, हात गेलाही होता खिशापर्यंत.
तिकीट, म्हणालो. ते बाहेर बघत राहिले. लोक बघायला लागले. गुलाबरावने आरशातून पाहिलं.
"बापूराव, तिकीट काढा," म्हणालो. मोठ्याने. नाव घेऊन आमच्या घरातलं कोणी त्यांच्याशी प्रथमच बोललं असेल.
ते वळले. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या बिब्ब्याच्या डागांकडे.
"किसनचा पोरगा ना तू? हाताले काय झालं?"
दुखते, म्हणालो. त्यांनी पैसे दिले. तिकिटाला भोक पाडलं. तेव्हा कळ आली की नाही, आता कितीही आठवलं तरी आठवत नाही.
उद्या आठ वाजता तपासणी. पट्टी बांधून जावं की काढून, सुमनला विचारायचं राहिलं. ती झोपली. छबी माझ्या उजव्या दंडावर डोकं ठेवून पडली आहे, म्हणून हे डाव्या हाताने लिहिलं.