हयात काकांची दुरुस्ती

सातारा, २ सप्टेंबर १९९८

ती. आक्काताईस,

धम्मपालचा जयभीम. तुझे गुडघे आता कसे आहेत? इकडे सगळे खुशाल. लालासाहेबकाकाही खुशाल आहेत. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या कॉम्प्युटरचं मत वेगळं आहे.

छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला गेलेल्या आपल्या माणसांच्या आठवणी मी निवृत्तीनंतर लिहून ठेवतोय, हे तुला माहीत आहेच. प्रत्येकाचं एक पान. नावावर टिचकी मारली की त्या माणसाचं पान उघडतं. (हा प्रोग्रॅम सूनबाईनं, प्रियंकानं, आणून दिला.) पण पानं फार नाजूक. परवा माझंच कोपर टेकलं आणि चंद्राबाईंच्या प्रवासात दोन ओळी नुसता ‘म’ उमटला. तेव्हाच ठरवलं, या पानांना बंदोबस्त हवा.

त्याआधी एकच दुरुस्ती राहिली होती. गुंडाकाका वारले, म्हणून त्यांच्या नावापुढं कंसात ‘कालकथित’ लावायचं होतं. प्रियंका म्हणाली, शब्द शोधून सगळीकडं एकदम बदलता येतो. मी आळस केला (एरवी करत नाही) आणि शोधायला ‘गुंडाकाका’ऐवजी नुसतं ‘काका’ टाइप केलं. अकराच्या अकरा काका एका टिचकीत कालकथित झाले. मला पत्ता नाही. मी लगेच सगळ्या पानांना पासवर्ड घातला. आता पान कुणीही वाचावं, पण एक अक्षर हलणार नाही, की त्याची नक्कल निघणार नाही.

रविवारी लालासाहेबकाका डोळे तपासायला आले होते. मी अभिमानानं त्यांचं पान उघडलं. त्यांनी नवा चष्मा लावून सावकाश वाचलं आणि विचारलं, “मी कवा गेलो रं?”

दुरुस्त करायला बसलो, तर पासवर्ड लागेना. घालताना मराठी फाँट चालू होता, आणि पडद्यावर अक्षरांऐवजी दिसल्या त्या फक्त चांदण्या. तीन दिवस प्रयत्न करतोय. काकांनी नागपुरात पाहिलेलं सगळं त्या पानात आहे, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते आष्ट्याच्या विहारात वाचायचंच. मी हटणार नाही.

तुझा,
धम्मपाल

ता. क. : मे महिन्यात तुझ्या ट्रंकेत एक फ्लॉपी ठेवली होती, तिच्यात जुनी प्रत आहे. कुणीही मागितली, अगदी मी मागितली तरी द्यायची नाही, अशी तुला शपथ घातली होती. ती शपथ मोड आणि सातारा गाडीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती फ्लॉपी पाठव.

ता. क. २ : काकांचा निरोप आहे, “बिगी बिगी कर म्हणावं. न्हाईतर त्यानं लिवल्यालंच खरं व्हायचं.”