ब्रोनीचं ताट

श्वेन्चोनिस, १० नोव्हेंबर १९५७

चि. ब्रोनीस अ. उ. आ.

सरहद्द ओलांडायची परवानगी मिळतेय हे वाचून बरं वाटलं. तू आता पोलिशमध्ये लिहितेस, तेही एक वेळ चालेल. पण ‘नाताळात लिथुआनियावर येते’? अगं, तुमच्या पोलिश बोलीत फ्रान्स‘मध्ये’ जातात, जर्मनी‘त’ जातात, मग आमच्याच ‘वर’ का चढता? युक्रेन आणि हंगेरीचंही तुम्ही तेच करता. शेजार म्हणजे पोलिश माणसाचं अंगण! आपली लिएतुवा, म्हणजे तुमचा लिथुआनिया, देश आहे, कुरण नव्हे.

नावाचं मूळही ऐकून ठेव. कुणी म्हणतात, पावसाला आपण ‘लिएतुस’ म्हणतो, त्यावरून आलं. मला पटत नाही. यॉनवा गावाजवळ लिएतउका नावाचा ओढा आहे, त्यावरून आलं. मी भट्ट्या बांधणारा माणूस, पण तिथवर जाऊन स्वतः पाहून आलो. लाटव्हियन आपल्यासारखंच नाव घेतात, रशियन-पोलिश जिभेवर त्याचं लित्वा होतं. हे पत्र वाटेत कुणी फोडलं, तर त्याच्याही ज्ञानात भर पडो.

आई अंथरुणाला खिळलीय. ठार बहिरी झालीय. पाव दुधात भिजवून देतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
मोतेयुसदादा

ओल्श्टिन (पोलंड), २ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

ओढ्याला पानभर आणि आईला तीन ओळी! धन्य आहे तुझी. आईचं माहेर पोलिश, ती जन्मभर ‘लिथुआनियावर’च म्हणत आली. तिलाही धडा देतोस का? देतच असशील. इथे बाजारात मला ‘लित्वाची बाई’ म्हणून हसतात, तिथे तू पोलिश म्हणतोस. मी जाऊ कुठे?

परवानगी तीन जानेवारीपासूनची मिळाली, नाताळ हुकला. तोवर आईला सांभाळ, दादा. तिला एकदा डोळे भरून पाहायचंय, दुसरं काही मागणं नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी माझंही ताट मांड. मी आहे असं तिला वाटेल.

रागावलास तरी पत्र धाड.
ब्रोनी

श्वेन्चोनिस, २७ डिसेंबर

चि. ब्रोनीस अनेक आशीर्वाद.

आई काल पहाटे गेली.

ताट मी मांडलं. रीत अपुरी नको म्हणून त्यावर फर झाडाची डहाळी ठेवली, मेणबत्ती लावली. आपल्या वडिलांच्या घरी दूर गेलेल्यांसाठीही डहाळी ठेवत. आईच्या माहेरी ती फक्त त्या वर्षी मेलेल्यांसाठी, हे माझ्या ध्यानातून गेलं. तिला उचलून मेजापाशी बसवलं. ताट कुणाचं, असं तिने विचारलं. मी तुझा फोटो दाखवला.

तिला वाटलं, तू गेलीस. मी ओरडून सांगितलं, येणाऱ्या गाडीची खूण केली, तुझं पत्र समोर धरलं. तिला वाचता कुठे येतं? धीर देण्यासाठी खोटं बोलतोय असं समजून तिने माझा हात थोपटला. मग घास घेतला नाही, पाणीसुद्धा नाही.

तू ये. दार उघडं आहे.
दादा

ओल्श्टिन, ८ जानेवारी १९५८

ती. दादास सा. न.

आता कुणासाठी येऊ? तुला बोल लावत नाही. ताट मीच मांडायला सांगितलं होतं. एकच विचारते. मी मेले असं समजून ती काय म्हणाली? तू काटेकोर माणूस आहेस, गाळू नकोस.

ब्रोनी

श्वेन्चोनिस, २१ जानेवारी

चि. ब्रोनीस आशीर्वाद.

विचारलंस म्हणून जसंच्या तसं लिहितो. माझ्यासमोर पोलिश बोलणं तिने कधीचंच सोडलं होतं, त्याला कारण मीच. त्या रात्री मात्र ती तुझ्या आत्म्यासाठी मोठमोठ्याने पोलिशमध्येच प्रार्थना करत होती. लहानपणी तू भिंतीवरून पडलीस तेही देवाला सांगितलं, तुझ्या केसांचा रंगही सांगितला, म्हणजे तिथे तुला ओळखायला चूक व्हायला नको.

प्रत्येक प्रार्थनेनंतर ती माझ्या ओठांकडे बघायची, मी ‘आमेन’ म्हणतो का ते. मी कसं म्हणणार? तू जिवंत होतीस.

तिला वाटलं, तू मेल्यावरही मी तुझ्यावर राग धरून बसलोय. माझ्याकडे पाठ करून झोपली, ती पुन्हा वळली नाही.

दादा