अकरा हजार किलोमीटर आणि सासूबाई

प्रिय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार. (वयाने मी थोरला, पण परदेशी राहणाऱ्याचं वय चार वर्षं जास्त धरायची आपल्या सासरी रीत आहे.) तुमची तब्येत बरी असेलच. मेहुणीबाईंना नववा लागला, त्यांना जपा. हे पत्र खुद्द सासूबाईंच्या पर्समधून येत आहे.

सासूबाईंचं तिकीट हातात आलं तेव्हा निघायची वेळ सकाळी दहा आणि तुमच्याकडे पोचायची दुपारी दोन, असं मी चष्मा लावून वाचलं आणि घरभर जाहीर केलं, की प्रवास फक्त चार तासांचा! डॉक्टरांनाही मीच सांगितलं. गेल्या वर्षी सासूबाईंच्या पायात गुठळी झाली होती, त्यामुळे डॉक्टरांची परवानगी हवी होती. चार तास म्हटल्यावर ती लगेच मिळाली. मी आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडलो.

सासूबाईंना मात्र ते पटलं नाही. त्यांनी नातीचा पृथ्वीगोल घेतला, शिलाई मशीनवरचा दोरा घेतला आणि आपल्या गावापासून तुमच्या गावापर्यंत ताणून धरला. दोरा थेट वरच्या बर्फाकडे सरकला. मी हसलो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून म्हणालो, "विमान असं सरळ जातं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. गोलाईवरून जवळची वाट कुठून जाते ते मला सांगू नका." मग टेपने दोरा मोजला, गोलाचा घेर मोजला, खऱ्या पृथ्वीचा घेर चाळीस हजार आणि विमानाचा वेग ताशी साडेआठशे किलोमीटर धरून नातीला भागाकार करायला लावला. अकरा हजार किलोमीटर, तेरा तास! "आणि तिकडची घड्याळं नऊ तास मागे आहेत, म्हणून कागदावर चार दिसतात."

मी तावातावाने तिकीट कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी संगणक माझ्याकडे वळवला: अकरा हजार चाळीस किलोमीटर, तेरा तास. "घरात कोणी वैमानिक आहेत का?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घालून म्हणालो, "शिवणकाम करतात."

आता परवानगी जाणार, लेकीच्या बाळंतपणाला आईच नाही, हे दिसताच माझं धाबं दणाणलं. "डॉक्टरांना नका सांगू," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना फसवीन हो, पायाला कसं फसवू?" आणि स्वतः जाऊन सगळं सांगून आल्या. डॉक्टर चिडले (माझ्यावर), पण त्यांनी गोळ्या दिल्या, घट्ट मोजे दिले, मधल्या वाटेलगतची सीट घ्यायला लावली आणि तासातासाला उठून चालायचं कबूल करून घेतलं. अशी बाई लाखात एक, साडूभाऊ!

तुमचा,
थोरला साडू

ता. क. : उतरल्यावर आधी पाय बघा, मग सामान.

ता. क. २ : मुख्य मुद्दा राहिलाच. त्यांना सहा महिने ठेवून घ्यायचं तुमचं ठरलंय, ते तीनवर आणा. बायकोसाठी म्हणत नाही. मलाच घर खायला उठेल. हे त्यांना कळू देऊ नका.

ता. क. ३ : पाकीट उघडंच होतं, विमानात वाचलं. इतकं चांगलं जावईबापू तोंडावर कधी बोलले नाहीत. मी आठ महिने राहते, म्हणजे अशी आणखी पत्रं येतील. — सासूबाई