आवाजाच्या दिशेने

शनिवार, ४ तारीख

या सुट्टीची खरी किंमत मांडायची तर बायकोला दिलेला, सतरा वर्षं न पाळलेला सहलीचा शब्द, वर्कशॉपला पहिल्यांदाच लागलेलं कुलूप, आणि ज्यांचे पंप उघडून तसेच ठेवले ती दोन गिऱ्हाइकं, जी आता जन्मभर टोमणे मारणार. पण खिडकी उघडली आणि समोर नुसता समुद्र! पैसे वसूल.

बायको म्हणाली, इथे तरी कुणाच्या मोटारीला कान लावू नका. मी म्हटलं, या कानांवरच घर उभं राहिलंय. आवाज नेमका कुठून येतोय हे ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. लेक पंधरा वर्षांची; तिने जांभई दिली.

रविवार, ५ तारीख

डोळ्यांवर काच, तोंडात नळी, आणि पालथं तरंगायचं. लेक सुळकन पुढे जाते, मी बुचासारखा जागच्या जागी. खाली रंगीत मासे. मी मात्र सारखा मागे बघत होतो. पाण्याखाली नजर थोडी जाते, मग निळा पडदा. त्यामागे काय?

आम्हाला इथवर नावेतून आणणाऱ्या नावाड्याला सहज विचारल्यासारखं करून विचारलं. म्हणाला, शार्क खडकांपलीकडे असतात, पण त्यांना माणसात रस नाही. बायकोने विचारलं, हे त्यांना कळवलंय का.

सोमवार, ६ तारीख

तोड काढली. पाण्यात हाक पोचत नाही, लोखंडाचा ठोका पोचतो. शार्क दिसला की मी नावेच्या शिडीवर पान्याने तीन ठोके देणार. लेकीने डोकं वर काढून शोधत वेळ घालवायचा नाही, थेट आवाजाच्या दिशेने पोहत यायचं. तिच्याकडून वदवून घेतलं. वैतागली, पण कबूल झाली.

पाना उशाशी ठेवलाय. बायकोने आपली उशी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला नेली. तेच जास्त लागलं.

मंगळवार, ७ तारीख

नावेत बसून लिहितोय. पायात गोळा आला म्हणून सांगितलं. पाय ठणठणीत आहे. बायको किनाऱ्यावर. लेक एकटी पाण्यात. नळीचं लाल टोक दिसतंय.

खडकांजवळ पाण्यात काळं काहीतरी. नावाड्याने पाहिलं. त्याचं हसू गेलं.

ठोकले. तीन.

तिने ऐकलं. थबकली. वळली —

खडकांकडे.

हाका मारल्या. तिचं डोकं पाण्यात. पुन्हा तीन ठोके. ती आणखी जोरात, तिकडेच. पोर शब्द पाळतेय.

नावाड्याने पाना हिसकावला. "ठोकू नका, दादा. पाण्यात आवाज चहूकडून येतो. तिला दिशा कशी कळणार?"

नांगर निघाला. इंजिन लागलं. म्हणाला, लाल टोकावरून नजर काढू नका. न बघता लिहितोय. हात रिकामा ठेववत नाही —

काळं सरकतंय. तिच्याकडे. की ती त्याच्याकडे —

नाव कलली. काठावरून वाकलेलं माझं डोकं पाण्यात गेलं, क्षणभर. इंजिन माझ्या पाठीमागे आहे. पण पाण्यात त्याचा आवाज सगळीकडून. कुठून येतोय ते मलाही कळलं ना—