पाचशे मायक्रॉनचं तळं

५ जानेवारी
लेक योगिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागलाय. डॉक्टरीणबाईंनी मासे खायला सांगितलेत. मोबाईलवर व्हिडिओ बघितला. प्लास्टिकचे बारीक कण, मायक्रोप्लास्टिक, नदीतून माशात, माशातून माणसाच्या रक्तात. बाळाच्या वारेतसुद्धा सापडलेत म्हणे. त्यानं नेमकं काय होतं याचा अभ्यास चालू आहे, असंही शेवटी म्हणाले. तेवढं मी पुढं पळवलं.
संकल्प: या घरात गोदावरीचा मासा येणार नाही.

७ जानेवारी
तलवाड्याच्या बाजारात गेलतो. भामाबाई लिंबाखाली, नेहमीच्या जागी. माझ्या लहानपणापासून आमच्याकडं हिचेच मासे. योगितासाठी मोठी रोहू बाजूला काढून ठेवली होती. मी नको म्हणालो. नुसतं नको म्हणून भागलं असतं, पण माणसं जमली होती. मग सगळं सांगितलं. तिची कॅरीबॅग वर धरून दाखवली, हीच नदीत जाते आणि हीच तुमच्या पोटात येते. अभ्यास चालू आहे ते सांगितलं नाही. लोकांना अर्धवट आवडत नाही. गर्दी पांगली. भामाबाईनं एवढंच विचारलं, पोरीला कितवा?
जरा कसंतरी झालं. पण सत्य कडूच असतं.

१० जानेवारी
पर्याय घरातच होता. आपलं शेततळं. मागच्या वर्षी सोडलेलं बीज चांगलं ताटाएवढं झालंय. गेवराईत फ्लेक्स छापायला टाकला: ‘शंभर टक्के प्लास्टिकमुक्त मासे. बंकटराव, चकलांबा.’ टोपी आणि गॉगल घातलेला माझा फोटो.
आप्पा म्हणाले, मग तळ्याच्या बुडाला काय हातरलंय, गोधडी? वडील माणूस, म्हणून शांतपणे समजावलं. मायक्रो म्हणजे बारीक. आपला तळ्यातला प्लास्टिकचा कागद पाचशे मायक्रॉनचा, म्हणजे जाड. सबब धोका नाही. आप्पा बरं म्हणाले. आप्पांचं बरं मला आवडत नाही.

१९ जानेवारी
फ्लेक्स रस्त्याला लागला. लई उठून दिसतो. बायकोनं, वनमालानं विचारलं, फ्लेक्स कशाचा असतो हो? कामात होतो.

२ फेब्रुवारी
तळं गळतंय. उन्हानं काठाचा कागद पापडासारखा झालाय, हात लावला की तुकडे पाण्यात. दुरुस्तीवाला पंधरा दिवस येत नाही म्हणतो. वाऱ्यानं फ्लेक्सही पडला होता. तोच कापून चिकटवला. तात्पुरता. पाण्याखालून मी हसताना दिसतो. मासे येऊन तोंडाला टोचा मारतात. आवडलेलो दिसतो.

१३ फेब्रुवारी
तळ्यातला पहिला मासा. योगिता पुरे म्हणत होती. मी स्वतः काटे काढून वाढला. समाधान.

२० फेब्रुवारी, दुपार
वनमाला मासा चिरत होती. आतड्यात काळे बारीक तुकडे. मी म्हणालो, पित्त असेल. ती म्हणाली, पित्ताला कोपरे कशाला असतील? मग नखाएवढा पांढरा तुकडा निघाला, त्यावर लाल ‘क्त’. योगितानं तो धुऊन ताटलीत ठेवला. म्हणाली, आबा, हा मुक्तमधला हाय का रक्तमधला?


२१ फेब्रुवारी
चूक कागदवाल्याची. फ्लेक्सवाल्याची शाईही कच्ची. दुरुस्तीवाला वेळेवर आला असता तर.
वरचं सगळं खोटं आहे. लाज वाटते. मागच्या आठवड्यात तिला मी आग्रह करून वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका जेवणानं घाबरू नका. योगिता नाही घाबरली. फक्त माझ्या हातचं काही घेत नाही. आज म्हणाली, मासा खायचाच तर भामाबाईचा खाईन, आतडी काढून नीट धुऊन तरी देती.
संकल्प: बाजारात जाऊन भामाबाईची माफी मागायची. चारचौघांत. बोललो होतो तेही चारचौघांतच.

२५ फेब्रुवारी
गेलतो. वाक्य पाठ केलं होतं. लिंबाखाली गिऱ्हाईक तुरळक. मी समोर उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, रोहू कशी दिली? भामाबाई म्हणाली, आठवा ना आता? थांबा, तिच्यापुरती चांगली बघून देते. पोट साफ केलं, पाणी बदलून बदलून धुतली. मग म्हणाली, दादा, डबा?
कॅरीबॅग तिनं त्या दिवसापासूनच बंद केली. तुमीच सांगितलं ना, म्हणाली. टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. बाकी सगळे डबे घेऊन आले होते. मी एकटाच रिकाम्या हातानं.
शेवटी टोपी काढून पुढं केली. तिनं त्यात मासा ठेवला. दोन्ही हातांनी धरून उघड्या डोक्यानं सगळा बाजार ओलांडला. ओळखीच्यांनी रामराम घातला. हात जोडता आले नाहीत. भामाबाईलाही जोडायचे राहिलेच.