सहा तास झोप

सोमवार, ४ मार्च

गाडी मिळाली! आठ महिन्यांनी! छोटी बस आहे, जुनी आहे, क्लच दाबताना गुडघा कुरकुरतो — चालेल! सीट पुढे ओढली, आरसे लावले आणि उगाचच एकदा हॉर्न वाजवला. गाड्या धुणारा दचकला. "आलात वाटतं बाई परत!" आले बाबा, आले.

बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्यांना दहा दिवस छोटा मार्ग, दहाव्या दिवशी मास्तरांची चाचणी. पास झाले तर चौदा नंबर. म्हणजे जोडगाडी! दोन डबे, मधे रबरी घड्यांचा भाता, वळताना मागचं शेपूट आरशात सरकत येतं. नापास झाले तर डेपोच्या खिडकीत बसून हरवलेल्या छत्र्यांची यादी करायची. छे! मेले तरी नाही.

एक नवीन प्रकार निघालाय. किल्ली घेताना कागद भरायचा — काल रात्रीची झोप किती तास? सहाच्या खाली असेल तर त्या दिवशी गाडी नाही. तीनदा कमी भरली की कायमचं खिडकीत. पेन हातात घेऊन मी उभीच. मागून वकील म्हणाला (आहे ड्रायव्हरच, पण सिग्नलशीसुद्धा वाद घालतो), "सहा लिहा ताई. या डेपोत सगळे बरोब्बर सहा तास झोपतात. पलटणच आहे आपली."

सहा लिहिलं. झोपले होते तीन. तेही तुकड्यातुकड्यांनी.

मंगळवार, ५ मार्च

सरकार रात्री चारदा उठलं. लेकीला आम्ही सरकारच म्हणतो. ऐकून कुणाचं घेत नाही, हुकूम मात्र वेळेवर सुटतात. नवरा घरीच शिवणकाम करतो, म्हणून दिवसा तोच सांभाळतो. मशीन चालू असेल तोवर ती झोपते, थांबलं की टक्क जागी! आज त्याने तासभर नुसत्या चिंध्यांवर शिवण मारली. "गिऱ्हाइकांसाठी कधी एवढा राबलो नाही," म्हणतो.

लिहिलं — सहा.

गुरुवार, ७ मार्च

आज काय मजा झाली! शेवटचा स्टॉप आला, गाडी रिकामी व्हायला हवी, तर नऊ जण जागेवरच. सगळे गाढ झोपलेले! एक भाजीवाल्या आजी तर टोपली मांडीवर घेऊन घोरत होत्या. गाडी कधी थांबली ते कुणाला कळलंच नाही.

असं का झालं ते घरी येताना माझ्या लक्षात आलं. सरकारला खांद्यावरून खाली ठेवताना मी श्वास रोखून, इंचाइंचाने ठेवते. पाय ब्रेकवर तसाच जातोय! आठ महिन्यांत दुसरं शिकले काय?

आजींना हलवून उठवलं. "अगं बाई, किती दिवसांनी अशी झोप लागली. उद्या हीच गाडी ना?" मला त्या नऊ जणांचा असा हेवा वाटला म्हणून सांगू!

शनिवार, ९ मार्च

बातमी मास्तरांपर्यंत गेली. डेपोत कुणाच्या पोटात काही राहत नाही. "ब्रेक मारतेस की अंगाई म्हणतेस?" म्हणाले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच मला शिकवलं. कौतुकसुद्धा शिवी दिल्यासारखं करतात.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "झोप मिळते का गं?" म्हटलं, मिळते की. "मला नको सांगूस. तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय."

सोमवार, ११ मार्च

स्टॉपवर कुणाचं तरी बाळ रडलं आणि दुधाने माझा युनिफॉर्म भिजला. वरून जॅकेट चढवलं, दुसरा गिअर टाकला, निघाले!

मंगळवार, १२ मार्च

सहा.

गुरुवार, १४ मार्च

पास!!!

मास्तर गाडीत चढले आणि मधल्या वाटेत उभे राहिले, हाताची घडी घालून. "आज मी दांडी धरणार नाही. पडलो तर तू नापास." साठीला टेकलेला माणूस! सगळा मार्ग संपला, मास्तर उभेच. एकदा चौकात जरा डुलले, पण स्वतःच म्हणाले, "हा माझ्या गुडघ्याचा दोष. तुझा नाही."

उतरताना — "उद्यापासून चौदा नंबर. आणि आता घरी जाऊन झोप. डोळे बघितलेस का आरशात?"

म्हटलं, सहा तास झोपते मास्तर.

"हो का? मग मी पंचवीस वर्षांचा."

शुक्रवार, १५ मार्च

काय गाडी आहे ती! पहिल्या वळणाला मागचा डबा असा आज्ञाधारकपणे वळून आला की मी एकटीच मोठ्याने हसले. पुढच्या सीटवरचे काका घाबरून मागे जाऊन बसले. सकाळच्या तिन्ही फेऱ्या झकास!

आता पुढचं लिहिते. लिहायलाच हवं.

शेवटची फेरी. पुलाअलीकडचा स्टॉप आठवतो. एक माणूस शिडी घेऊन चढत होता, त्याला नाही म्हटलं. पुलापलीकडचा स्टॉपही आठवतो. दार उघडलं, एक बाई उतरता उतरता म्हणाल्या, "छान चालवता हो."

मधला पूल आठवत नाही.

अख्खा पूल! दीड किलोमीटर. गाडीत साठेक माणसं. ना धक्का, ना कुणाचा हॉर्न. हातपाय चालवत होते, मी तिथे नव्हतेच. दार बंद करायचंच सुचेना. पुढचे दोन स्टॉप बैलगाडीच्या वेगाने काढले. गाडी रिकामी झाल्यावर खिडक्या उघड्या टाकून, मोठमोठ्याने पाढे म्हणत डेपोत आणली.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने मशीन थांबवलं. सरकार उठलं, रडायला लागलं, तरी त्याने मशीन सुरू केलं नाही. तिला उचलून घेतलं आणि म्हणाला, "खिडकीत बसलीस तरी आपलं काही अडत नाही."

"माझं अडतं!" मी ओरडलेच. एक दिवस चालवली ती गाडी. एकच दिवस!

शनिवार, १६ मार्च

लिहिलं — अडीच.

खिडकीतल्या बाईंनी कागद परत सरकवला. "चुकून पडलं का?" नाही म्हटलं, बरोबर आहे. चौदा नंबरची किल्ली मागितलीच नाही. रांगेतून बाजूला झाले. मग वकील पुढे झाला. त्याचा कागद आधीच आत गेला होता. बाईंना म्हणाला, "माझा द्या हो जरा परत. आकडा बदलायचाय." त्याच्यामागून आणखी एकाने हात पुढे केला. मग आणखी पाच जणांनी.

आज सकाळी डेपोतून आठ गाड्या निघाल्याच नाहीत. माझी त्यातली एकच.